युरोस्टोमीभोवतीची त्वचा : निदानपरिवर्जन हाच पहिला उपचार

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मिरज, कराड, पुणे अथवा मुंबई येथे रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया होते, मूत्राचा मार्ग पोटावर काढला जातो आणि पिशवी लावून रुग्ण गावी परततो. शल्यचिकित्सक दूर राहतात. दोन-तीन महिन्यांनी पिशवीभोवतीची कातडी लाल होते, सोलवटते, आग होऊ लागते. अशा वेळी खानापूर, आटपाडी, माण, पाटण यांसारख्या तालुक्यांतील रुग्ण प्रथम येतो तो जवळच्या वैद्याकडे. त्यामुळे या विषयाची माहिती केवळ शल्यचिकित्सकांना असून भागणार नाही, ती आपणांसही असली पाहिजे. त्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रतिपाद्य मुद्दा आरंभीच सांगतो. ही त्वचाविकृती बहुतांशी मूत्राच्या गळतीमुळे होते आणि गळती थांबल्याखेरीज ती कोणत्याही लेपाने बरी होत नाही. किंबहुना आपल्या हाताला सवयीचे असलेले तूप, तेल आणि मलम येथे रोग वाढवतात.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

युरोस्टोमीचा सर्वांत रूढ प्रकार अमेरिकेतील शल्यचिकित्सक युजीन ब्रिकर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर आधारलेला आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे १५ ते २० सें.मी. लांबीचा तुकडा त्याच्या रक्तपुरवठ्यासह वेगळा करतात. उरलेले आतडे पुन्हा जोडतात. दोन्ही मूत्रवाहिन्या या तुकड्याला जोडून त्याचे दुसरे तोंड पोटाच्या भिंतीतून, बहुधा नाभीच्या उजव्या खालच्या बाजूस, बाहेर काढतात. हे तोंड म्हणजे स्टोमा. तो लालसर, ओलसर असतो. त्यास स्पर्शसंवेदना नसते आणि पुसताना किंचित रक्त आले तरी घाबरण्याचे कारण नसते. आतड्याचा तुकडा आपल्या स्वभावानुसार श्लेष्मा स्रवत राहतो, म्हणून मूत्रात पांढरे तंतू दिसणे हेही स्वाभाविक आहे. त्यास पू समजून प्रतिजैविके देऊ नयेत.

येथे मूत्र साठविणारा वस्ति नाही आणि वेग धारण करणारा स्नायूही नाही. मूत्र अहोरात्र थेंबथेंब येत राहते. म्हणून पोटाला चिकटणारी चकती, जिला दुकानदार बेसप्लेट म्हणतात, आणि तिला जोडलेली तोटीची पिशवी कायम लावावी लागते. या चकतीची कड आणि स्टोमा यांमधील दोन-तीन मिलिमीटर जागेवर रुग्णाचे सारे स्वास्थ्य अवलंबून असते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी साठीच्या एका शेतकऱ्यांना त्यांचे चिरंजीव आमच्याकडे घेऊन आले. शस्त्रक्रियेस चार महिने झाले होते. स्टोमाभोवती तळहाताएवढी त्वचा लालभडक व ओलसर होती. तीव्र दाह, रात्री झोप नाही. पिशवी रोज गळत होती, कपडे भिजत होते. गृहस्थांनी बाजारास जाणे सोडले होते, एस.टी.त बसणे सोडले होते. चिरंजीव हळूच म्हणाले, "डॉक्टर, आबांनी पाणी पिणंच कमी केलंय. पिशवी भरायलाच नको म्हणतात."

दाह व राग पाहून आम्ही शतधौत घृत दिले. दग्धव्रणात आणि पित्तज दाहात त्याचा गुण आम्ही अनेकदा पाहिला होता. आठ दिवसांनी रुग्ण परत आले ते अधिक वाईट स्थितीत. स्निग्ध त्वचेवर चकती अर्धा दिवसही टिकत नव्हती, आणि जितकी ती सुटे तितके मूत्र त्वचेवर पसरे.

तेव्हा आम्ही त्यांना आमच्यासमोर पिशवी बदलण्यास सांगितले. खरे तर हे पहिल्याच दिवशी करावयास हवे होते. चिरंजीवांनी खिशातून पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा काढला. रुग्णालयातून सोडताना स्टोमाच्या मापाने कापून दिलेला तो नमुना होता आणि चार महिने त्याच मापाने ते चकतीला भोक पाडत होते. दरम्यान शस्त्रक्रियेची सूज उतरून स्टोमा आक्रसला होता. भोकाची कड आणि स्टोमा यांमध्ये बोटाच्या पेराएवढी उघडी त्वचा राहत होती आणि ती चोवीस तास मूत्रात भिजत होती. शिवाय पिशवी महाग, म्हणून एक चकती आठ-आठ दिवस, कडेने चिकटपट्ट्या लावून चालविली जात होती.

आम्ही तूप बंद केले, नवे माप घेतले, पुढे सांगितलेल्या रीतीने चकती बसविली. दोन आठवड्यांत त्वचा कोरडी झाली. महिन्याने आबा स्वतः एस.टी.ने आले. औषध असे आम्ही काहीच दिले नव्हते.

त्वचा का बिघडते

मूत्राचे कार्य क्लेदवहन हे आपण सर्व जाणतो. वाहून नेण्याचा तो क्लेदच त्वचेवर साचून राहिला तर त्वचा मऊ, पांढुरकी होऊन भेगाळते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. मूत्रात जंतुसंसर्ग झाला आणि ते जंतू युरियाचे विघटन करणारे असले तर अमोनिया तयार होऊन मूत्र क्षारधर्मी बनते. अशा मूत्राने त्वचा अधिक वेगाने जळते आणि स्टोमावर व त्वचेवर फॉस्फेटचे करड्या-पांढऱ्या वाळूसारखे खडे जमू लागतात. गळती महिनोन्‌महिने चालू राहिल्यास स्टोमालगतची त्वचा जाड होऊन चामखिळीसारखे दुखरे उंचवटे येतात.

सर्वच लाली गळतीची नसते. लालीचा आकार पाहून कारण ओळखता येते, म्हणून दर्शनपरीक्षा नीट करावी. स्टोमालगत किंवा एका बाजूस, जेथून मूत्र झिरपते तेथेच लाली असेल तर ती गळतीची. लाली नेमकी चकतीच्या आकाराची, खाजणारी व स्पष्ट कडेची असेल तर चकतीच्या द्रव्याची असात्म्यता संभवते आणि दुसऱ्या जातीची चकती वापरून पाहावी. मुख्य लालीच्या कडेला सुटे सुटे बारीक पुरळ व खाज असेल तर बुरशीचा संसर्ग समजावा. प्रमेही रुग्णांत आणि प्रतिजैविके घेतल्यानंतर तो अधिक आढळतो. केसांच्या मुळाशी बारीक फोड असतील तर दोष वस्तऱ्याचा. आणि चकती ओरबाडून काढल्यास त्वचेचा वरचा थर तिच्यासह निघतो, ती इजा वेगळीच.

पिशवी बदलण्याची रीत

पिशवी सकाळी उठल्यावर, चहा-पाणी घेण्यापूर्वी बदलावी. त्या वेळी मूत्राचा ओघ कमी असतो. साधारणतः तीन-चार दिवसांनी चकती बदलणे पुष्कळांस सोयीचे पडते. मात्र आग, खाज किंवा ओल जाणवताच दिवस न मोजता लगेच बदलावी. गळणाऱ्या चकतीवर बाहेरून पट्टी चिकटविणे म्हणजे मूत्र त्वचेवर कोंडून ठेवणे होय.

जुनी चकती काढताना एका हाताने त्वचा दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने चकती वरून खाली सावकाश सोडवावी. कोमट पाण्याने त्वचा धुवावी. सुगंधी वा तेलकट साबण, डेटॉल, स्पिरिट यांपैकी काहीही वापरू नये. स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये. या वेळी मूत्र येतच राहते. त्यासाठी सुती कापडाची किंवा गॉजची वळकटी स्टोमाच्या तोंडावर नुसती टेकवून धरावी. ती आत घालू नये. केस असल्यास कात्रीने आखूड करावेत.

त्यानंतर माप घ्यावे. पिशवीच्या खोक्यात गोल भोके असलेला मापपट्टा मिळतो. भोक स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर मोठे असावे. त्याहून मोठे असल्यास त्वचा उघडी पडते, त्याहून लहान असल्यास स्टोमाला इजा होते. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत स्टोमा लहान होत जातो. या काळात प्रत्येक वेळी माप घ्यावे, पुढेही वजन वाढल्यास वा घटल्यास घ्यावे. या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवावयाचे तर ते हे ठेवावे.

चकती लावण्यापूर्वी दोन्ही तळहातांमध्ये धरून ऊबदार करावी आणि लावल्यावर दोन-तीन मिनिटे हाताने दाबून ठेवावी. ऊब मिळाली की तिचे द्रव्य त्वचेला घट्ट धरते. पोटाला वळी पडत असेल किंवा स्टोमा आत खेचलेला असेल तर सपाट चकती टिकत नाही. तेथे मध्यभागी फुगीर असलेली चकती व कमरेचा पट्टा लागतो, आणि त्याची निवड स्टोमाचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेकडून करून घ्यावी.

पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करावी. भरलेल्या पिशवीचे ओझे चकती ओढून सोडवते. रात्री पिशवीच्या तोटीला नळी जोडून खाटेशेजारी मोठी पिशवी ठेवावी, म्हणजे झोपेत मूत्र मागे तुंबत नाही.

बिघडलेल्या त्वचेचे उपचार

पहिला उपचार वर सांगितलेला, म्हणजे निदानपरिवर्जन. त्याच्या जोडीस पुढील उपाय करावेत.

त्वचा ओली व सोलवटलेली असेल तर चकती तिच्यावर बसत नाही. अशा जागी स्टोमासाठीची शोषक पूड अत्यल्प भुरभुरवावी, जादा पूड झटकून टाकावी आणि तीवर मद्यार्करहित संरक्षक द्रव फिरवून वाळू द्यावे. असे दोन-तीन थर दिले की ओल्या जागेवर कोरडी खपली तयार होते आणि चकती घट्ट बसते. पूड जाड थापल्यास उलट परिणाम होतो.

खडे जमले असतील तर खाद्य पांढरे व्हिनेगर एक भाग व पाणी तीन भाग असे मिश्रण करून त्यात भिजविलेले कापड पिशवी बदलताना पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे. उघड्या व्रणावर हे झोंबते, तेथे ते टाळावे. खडे नखाने खरवडू नयेत. बुरशी असल्यास बुरशीनाशक औषध पुडीच्या स्वरूपात वापरावे, मलमाच्या स्वरूपात नव्हे. चामखिळीसारखे उंचवटे गळती थांबल्यावर बहुधा हळूहळू बसतात. न बसल्यास ते शल्यचिकित्सकांस दाखवावेत.

त्रिफळा किंवा पंचवल्कल यांच्या क्वाथाने धावन करावे का, असे वैद्यबंधू विचारतात. कषाय रसाचा उपयोग व्रणात आपल्याला मान्य आहे. सुश्रुतांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, चरकांनी छत्तीस. मात्र युरोस्टोमीभोवतीच्या त्वचेवर या क्वाथांचा उपयोग मोठ्या अभ्यासांनी सिद्ध झालेला नाही, म्हणून त्यास आधारभूत उपचार मानू नये. करावयाचेच असल्यास ताजा, गाळलेला, थंड क्वाथ पिशवी बदलताना अल्पकाळ वापरावा, मग साध्या पाण्याने त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करावी. हळद, चंदन, राख, टाल्कम पावडर, खोबरेल, तूप यांपैकी काहीही चकतीखाली राहता कामा नये. व्रणाचा उपक्रम निवडताना अवस्था पाहावी लागते, आणि येथील अवस्था रूक्षता मागते, स्नेह नव्हे.

आपल्या वनस्पतींच्या अभिमान्यांना एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. कोरड्या पानझडी जंगलांतील खडकाळ टेकड्यांवर पांढऱ्या, गुळगुळीत खोडाचा कांडोळ हा वृक्ष आढळतो. त्याचा डिंक कराया या नावाने परदेशी जातो. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात याच डिंकाची पूड स्टोमाभोवतीच्या त्वचेच्या रक्षणासाठी वापरली आणि पुढे अनेक वर्षे त्याची वलये जगभर वापरात होती. परंतु आतड्याच्या स्टोमाला उपयोगी पडलेला हा डिंक मूत्रात लवकर विरघळतो, म्हणून युरोस्टोमीस तो पुरेसा पडला नाही. पेक्टिन, जिलेटिन व सेल्युलोज यांपासून बनविलेल्या चकत्यांनी पुढे त्याची जागा घेतली. द्रव्य आपले असले तरी ते प्रत्येक स्थानी योग्य असतेच असे नाही, हा बोध यातून घ्यावा.

पाणी, आहार व औषधे

गळतीच्या भीतीने पाणी कमी करणे ही रुग्णाची सर्वांत घातक सवय होय. मूत्र दाट होते, संसर्ग व खडे वाढतात आणि अखेरीस वृक्कांवर परिणाम होतो. हृदय वा वृक्काच्या विकारामुळे मनाई नसल्यास दिवसास दोन ते अडीच लिटर द्रव घ्यावे. बीट खाल्ल्यावर मूत्र लाल दिसते, त्यास रक्त समजू नये.

यवक्षारासारखे क्षारकल्प तसेच औषधांच्या दुकानांतून सर्रास मिळणारी मूत्र क्षारधर्मी करणारी सरबते या रुग्णांत 'लघवीची जळजळ' म्हणून देऊ नयेत. त्याने खडे वाढण्याचा संभव असतो. याउलट आतड्याच्या तुकड्यातून काही द्रव्ये पुन्हा शोषली जाऊन काही रुग्णांच्या रक्तात आम्लता वाढते आणि त्यांना तज्ज्ञांनी सोडा बायकार्बोनेट दिलेले असते. ते आपण परस्पर बंद करू नये. वृक्कांचे कार्य तपासल्याविना रसौषधी व तीव्र मूत्रल द्रव्ये देऊ नयेत. वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन, रक्तातील क्षार व बी-१२ जीवनसत्त्व तपासण्याची आठवण रुग्णास आपण करून द्यावी. मूत्रतपासणीसाठी नमुना पिशवीतून घेऊ नये. तो दूषित असतो आणि त्यावरून अकारण प्रतिजैविके सुरू होतात.

तंबाखूचा धूर मूत्राशयाच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. विडी-सिगारेट सुटली नसेल तर ती सोडविणे हाही चिकित्सेचाच भाग समजावा.

ऋतू, वेष व व्यवसाय

जत-आटपाडीचा वैशाख आणि पाटण-महाबळेश्वरचा श्रावण, दोन्ही चकतीचे शत्रू आहेत. घामाने व दमट हवेने ती लवकर सुटते. त्या दिवसांत बदलण्याचे अंतर कमी करावे आणि पिशवीखाली मऊ सुती कापडाचे अस्तर ठेवावे. लेंग्याची नाडी, धोतराची वा नऊवारीची गाठ, करगोटा यांपैकी काहीही स्टोमावर येऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णास त्याच्या नेहमीच्या वेषात बसवून, उभे करून, वाकवून स्टोमाची जागा आखणे म्हणूनच महत्त्वाचे असते. आपल्याकडून पुढे पाठविल्या जाणाऱ्या रुग्णांस ही विनंती करण्यास सांगावे. उसाची मोळी, खताचे पोते उचलल्याने स्टोमाशेजारी अंत्रवृद्धी होऊ शकते. तिने पोटाचा आकार बदलून चकती बसेनाशी होते. हलकी कामे, चालणे, स्नान, प्रवास यांस आडकाठी नाही.

तातडीने केव्हा पाठवावे

स्टोमा काळा, जांभळा वा फिका पडला, काही तास पिशवीत मूत्र आलेच नाही, थंडी वाजून ताप व कुशीत वेदना आहेत, स्टोमाच्या आतून रक्त येते, स्टोमाशेजारी फुगवटा येऊन वांत्या होतात, किंवा जांभळ्या कडेचा अतिशय दुखरा व्रण वेगाने पसरतो, अशा लक्षणांत एक दिवसही घरगुती उपचारांत घालवू नये. जेथे शस्त्रक्रिया झाली ते रुग्णालय, अथवा जवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठण्यास सांगावे. गळती दोन आठवड्यांत आटोक्यात न आल्यासही तज्ज्ञांचे मत घ्यावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही अशा रुग्णांस मार्गदर्शन करते.

समारोप

डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले तेव्हापासून आपल्या भागातील रुग्ण शल्यकर्मासाठी तेथे जात आले. १९६२ पासून मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शल्यकर्म आपल्या परंपरेसही परके नाही. अश्मरी काढण्याचे कर्म सुश्रुतांनी सविस्तर सांगितले आहे. परंतु शल्यकर्मानंतरची वर्षे रुग्णास गावातच काढावयाची असतात, आणि तेथे त्याच्या जवळ आपण असतो.

आमच्या सहव्यावसायिकांस एवढीच विनंती, की असा रुग्ण आल्यास औषधाच्या बरणीकडे हात नेण्यापूर्वी त्यास पिशवी आपल्यासमोर बदलण्यास सांगावे. भोकाचे माप पाहावे, लालीची जागा पाहावी, आणि दिवसाकाठी किती पाणी पितो ते विचारावे. या तीन गोष्टींत बहुतेक निदान होते. मापपट्टा, कात्री आणि पंधरा मिनिटांची सवड यांपलीकडे त्यास फारसे काही लागत नाही. रुग्ण मात्र पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागतो, चार माणसांत बसू लागतो, आणि आपल्या चिकित्सेचे फळ याहून वेगळे काय असते?